काजूचे अनुदान आणि कुळाची संमती

गेल्या पावसाळ्यात लालबागच्या एका चाळीतल्या खोलीत आमच्या गावच्या बौद्ध मंडळाच्या मुंबई शाखेची बैठक झाली. विषय चार होते : धम्मचक्र प्रवर्तन दिनाची वर्गणी, विहाराचे पत्रे, एका विद्यार्थिनीची फी आणि काजू. पहिले तीन अर्ध्या तासात आटोपले. चौथा रात्री साडेअकरापर्यंत चालला आणि तरी संपला नाही.

प्रस्ताव एका तरुणाचा होता. सिंधुदुर्गातल्या आमच्या गावी डोंगरउतारावर भावकीची ३ एकर वरकस जमीन आहे. महारकीचे वतन खालसा झाल्यावर ती नव्या शर्तीने आमच्या आजोबांच्या पिढीच्या नावे झाली. तिथे काजू लावावा आणि त्यासाठी शासनाच्या फळबाग योजनेचे अनुदान घ्यावे, असे त्याचे म्हणणे. २०१८ साली भाऊसाहेब फुंडकर यांच्या नावाने निघालेल्या योजनेची प्रत त्याने बरोबर आणली होती. ७ बाय ७ मीटरवर एक कलम धरले तर हेक्टरी २०० झाडे बसतात. खड्डे, कलमे, लागवड, नांग्या भरणे यांचा पैसा शासन तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशा हप्त्यांनी देणार. खोलीत आनंद पसरला. मग त्याने अटी वाचायला सुरुवात केली.

सातबारा स्वतःच्या नावे हवा. संयुक्त खाते असेल तर सर्व खातेदारांचे संमतीपत्र हवे. आमच्या सातबाऱ्यावर २७ नावे आहेत. त्यांतली ११ माणसे आज हयात नाहीत. त्यांचे वारस वरळीला, नायगावात, घाटकोपरला, कल्याणच्याही पलीकडे. पुढची अट अशी की, सातबाऱ्यावर कुळाचे नाव असेल तर योजना राबवण्यासाठी कुळाची संमती लागेल. एवढे ऐकल्यावर कोपऱ्यात बसलेले, गिरणीत तीस वर्षे काढलेले एक काका मोठ्याने हसले आणि म्हणाले, "कुळाक इचारतत आता? आमच्या बापाशीक कोणी इचारल्यान नाय!"

काकांच्या त्या हसण्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. मी साहित्याचा विद्यार्थी आहे, शेतीखात्याचा नव्हे. परंतु शासन निर्णय हीसुद्धा एक संहिताच असते. तिला निवेदक असतो, नायक असतो, गौण पात्रे असतात आणि जिचा उल्लेखच होत नाही अशी माणसेही असतात. कथा-कादंबरी वाचताना आम्ही जे प्रश्न विचारतो, तेच या गद्याला विचारले पाहिजेत. हे गद्य कोणाच्या बाजूने पाहते? कोणाला नाव देते? कोणाला केवळ संख्या म्हणून मोजते? आपल्या चळवळीत शासन निर्णयांची झेरॉक्स पुष्कळ निघते. त्यांची समीक्षा फारशी होत नाही.

प्रथम झाडाविषयी. काजू हे या मातीतले झाड नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते ब्राझीलहून आपल्या किनाऱ्यावर आणले. वनस्पतिशास्त्रात त्याचे कूळ बिब्ब्याचे. म्हणूनच त्याच्या टरफलात कातडी जाळणारे तेल असते. कातळ, मुरूम, उतार, पाणी नाही अशा ठिकाणीही ते तग धरते. माझ्या लहानपणी कोणी काजू लावल्याचे मी पाहिले नाही. तो उगवे. गावकुसाबाहेरच्या पोरांनी बोंडू खावेत, बिया मडक्यात साठवाव्यात आणि बाजाराच्या दिवशी मीठ-मिरचीच्या बदल्यात द्याव्यात, एवढाच त्याचा व्यवहार. नारळी-पोफळी आणि कलमी आंबा हे बागायतीतले धनी. काजू हा वरकसातला. ज्या जमिनीत भात होत नाही, जी गवताला आणि गुरांना सोडलेली असते, तिथला तो रहिवासी. मला त्याच्याविषयी जवळीक वाटते ती यामुळेच. गावात त्याचीही वस्ती आमच्यासारखीच, कडेला.

पुढे काजूला भाव आला आणि भाव आला तसा त्याला मालकही आला. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने निवड आणि संकर करून नव्या जाती काढल्या. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ही नावे आज कोकणातल्या लहान मुलालाही ठाऊक आहेत. १९७२ साली दापोलीला कृषी विद्यापीठ झाले. हे सर्व सार्वजनिक पैशाने झाले आणि उत्तम झाले. या शास्त्रज्ञांच्या कामाविषयी माझ्या मनात आदर आहे. काजूचे चांगले कलम जातपात पाहत नाही. कायद्याचे कलम मात्र पाहते. म्हणजे ते तोंडाने विचारत नाही, कागद मागते. आणि कागद कोणाजवळ असतो हे या देशात जातीनेच ठरवले आहे.

१९९० साली महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग विकास योजना आणली. कोकणचे डोंगर आज काजूने भरलेले दिसतात त्याचे मोठे श्रेय या योजनेला दिले जाते, आणि ते रास्त आहे. परंतु हा पैसा मुळात कोणाचा, हे आपण विसरून गेलो आहोत. रोजगार हमी ही वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली आणि १९७७ च्या कायद्याने हक्क म्हणून मान्य झालेली योजना. काम मागणाऱ्या अंगमेहनतीच्या माणसाला काम देण्याची ही हमी होती. तिच्या निधीसाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला. मुंबईतल्या पगारदाराच्या पगारपत्रकात दरमहा जी छोटीशी कपात दिसते ती हीच. परळच्या इस्पितळातल्या आया, दादरचे शिक्षक, फोर्टमधले कारकून, ज्याचा-त्याचा पगार त्या मर्यादेत बसत होता त्याच्या खिशातून पै-पैसा निघाला तो भूमिहीनाच्या नावाने.

१९९० नंतर त्या निधीचा एक प्रवाह खाजगी जमिनीकडे वळला. भूमिहीन मजुराला त्यात काय मिळाले? खड्डे खोदण्याची, कलमे लावण्याची, पाणी घालण्याची काही हंगामांची मजुरी. आणि जमीनमालकाला? तीस-चाळीस वर्षे फळ देणारे झाड. एकाच पैशातून एकाला दिवस मिळाले, दुसऱ्याला पिढी मिळाली. अनुसूचित जाती-जमातींना आणि अल्पभूधारकांना इतरांपेक्षा अधिक सवलत होती, हे मी लपवीत नाही. आमच्या समाजातल्या ज्यांच्यापाशी स्वतःच्या एकट्याच्या नावाचा तुकडा होता, त्यांनी झाडे लावली आणि मुले शिकवली. अशी घरे मला माहीत आहेत. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातून मोकळ्या हाताने गावी परतलेल्या अनेकांना तर काजूनेच तारले. परंतु परतायला ज्यांच्याजवळ जमीन होती त्यांना. ज्यांच्याजवळ नव्हती ते इथेच राहिले. कोणी लालबागच्या मसाल्याच्या दुकानात मिरच्यांची देठे काढली, कोणी इमारतीच्या दाराशी पहारा केला.

म्हणूनच जमिनीचा प्रश्न आधी येतो, अनुदानाचा नंतर; आणि कोकणात जमिनीचा प्रश्न म्हणजे खोतीचा प्रश्न. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोताला वाजवी मोबदला द्यावा आणि प्रत्यक्ष जमीन कसणाऱ्याला तिचा कब्जेदार करावे, असे ते विधेयक होते. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. त्यात महार होते, कुणबी होते, आगरी होते. रायगडात चरीचा शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून चालूच होता. या देशात अस्पृश्य आणि सवर्ण कष्टकरी एकाच मागणीसाठी एका रस्त्यावरून चालल्याचे जे थोडे प्रसंग आहेत, त्यांतला हा एक, आणि तो या शहरात घडला. विधेयक मंजूर झाले नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या अधिनियमाने, बारा वर्षांनी. मधल्या काळात वहिवाट बदलायला, नावे काढायला, आणेवारी फिरवायला बारा पावसाळे मिळाले. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कुळांना मालक केले खरे. पण त्यासाठी कूळ म्हणून नोंद असावी लागली. पोटाला शेर-मापट्यावर राबणाऱ्याची नोंद कोण करणार? तलाठ्याच्या ओटीवर त्याला चढता तरी येत होते काय?

काका हसले ते या इतिहासावर. जिथे कुळाला विचारायला हवे होते तिथे त्याला विचारले नाही. आणि आता, सातबाऱ्यावरून त्याचे नाव बहुतेक पुसले गेल्यानंतर, शासन अदबीने त्याची संमती मागते आहे. त्यातही तो संमती देणारा. लागवड करणारा, लाभ घेणारा कोणी दुसराच.

आता या संहितेची शब्दकळा पाहा. 'शेतकरी' म्हणजे ज्याच्या नावे सातबारा आहे तो. 'लाभार्थी' म्हणजे तोच शेतकरी, पैसा मिळताना. 'मजूर' हा शब्द या गद्यात माणसासाठी फारसा येत नाही. तो मजुरीच्या रूपाने, दराच्या रकान्यात, खते आणि औषधे यांच्या शेजारी येतो. बी गोळा करणारी, फोडणारी, सोलणारी बाई तर कुठेच नाही. दुसरी एक गोष्ट. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याखाली जी फळबाग लागवड चाले, तिथे गरीब, अल्पभूधारक, दलित-आदिवासी लाभार्थ्याला मर्यादा २ हेक्टरची. त्या योजनेत जे बसत नव्हते त्यांच्यासाठी फुंडकर योजना. आणि तिथे कोकणापुरती मर्यादा १० हेक्टरची. म्हणजे २,००० झाडे. ज्याला अधिक आहे त्याला अधिक द्यावे, हे तत्त्व कोणत्याही शासन निर्णयात लिहिलेले सापडणार नाही. बेरीज केली की सापडते.

२०२३ च्या अर्थसंकल्पात काजूवर शासनाची विशेष कृपा झाली. कोकणासाठी आणि कोल्हापूरच्या आजरा-चंदगडसाठी पाच वर्षांची १,३२५ कोटींची काजू फळपीक विकास योजना, शिवाय २०० कोटी भागभांडवलाचे काजू मंडळ. २०२४ च्या हंगामात आयात बियांमुळे आणि व्यापाऱ्यांच्या खरेदीमुळे भाव कोसळले, तेव्हा शेतकऱ्यांनी किलोला २०० रुपये हमीभाव मागितला. शासनाने किलोमागे १० रुपये अनुदान दिले. त्याला किमान ५० आणि कमाल २,००० किलोची अट; शिवाय सातबाऱ्यावर काजूची नोंद आणि नोंदणीकृत व्यापाऱ्याची पावती. जास्तीत जास्त अनुदान २०,००० रुपये. शेतकऱ्यांची हमीभावाची मागणी न्याय्य आहे, तिला माझा विरोध नाही. आयात बियांच्या स्पर्धेत लहान बागायतदार भरडला जातो हेही खरे. पण रानातल्या, कोणाच्याही नोंदीत नसलेल्या झाडांखालच्या बिया वेचून तीस-चाळीस किलो विकणारी आमची म्हातारी या अटींच्या चारही बाजूंनी बाहेर पडते. नोंद नाही, ५० किलो नाहीत, आणि गावातला दुकानदार पावती देत नाही. भाव पडला तेव्हा तिचाही पडला होता.

येथे साहित्याकडे वळतो, कारण शासनाची ही दृष्टी आकाशातून पडलेली नाही. कोकण म्हणजे काय आणि कोकणी माणूस म्हणजे कोण, हे महाराष्ट्राच्या मनावर बिंबवले ते मराठी कथा-कादंबरीने. आणि ती मुख्यतः मुंबईत लिहिली गेली, मुंबईत वाचली गेली. श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' ही दोन खंडांची कादंबरी १९८७ साली आली. खोत घराण्याच्या पिढ्यांचा हा उदयास्त. पेंडसे खोतांचे भाट नव्हते. खोतांची मग्रुरी, त्यांचा व्यभिचार, त्यांची घाण त्यांनी निर्भयपणे दाखवली आहे आणि लेखक म्हणून त्यांची ताकद नाकारण्याचे कारण नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. वाडा पडतो तेव्हा त्या कादंबरीत काहीतरी थोर पडते. वाड्याबाहेर पिढ्यान्‌पिढ्या जे पडलेलेच होते, त्याला शोकांतिकेची प्रतिष्ठा मिळत नाही. गिरगावातल्या वाचनालयातून ती कादंबरी घरी नेणाऱ्या वाचकाचा गळा दाटून आला असेल. त्याच सुमारास लालबागेत बेकार बसलेल्या कामगाराच्या आजोबाने त्याच जातीच्या खोताची वेठ केली होती. त्याचा गळा कशाने दाटावा?

मला तर असे वाटते की कोकणचे प्रस्थापित साहित्य हे बागायती साहित्य आहे. माड, पोफळी, आंबा, विहीर, रहाट, ओटी, माजघर ही त्याची प्रतिमासृष्टी. वरकस जमीन त्यात वाटेवर लागते, पात्रे तिथून चालत जातात. काजूच्या प्रयोगांचे माहेरघर असलेल्या वेंगुर्ले तालुक्याने मराठीला चिं. त्र्यं. खानोलकर आणि जयवंत दळवी असे दोन मोठे लेखक दिले. तरी काजूची बी फोडून हात काळे केलेली बाई मराठी कादंबरीची नायिका झाल्याचे माझ्या वाचनात नाही. साहित्याने कोकणचा जो मालक मानला, शासनाने त्यालाच शेतकरी मानले, इतकेच.

आणि हा आरोप आमच्यावरही आहे. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) डोक्यावर ओझी घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला डोंगर तुडवत जाणाऱ्या बायका आहेत, बांबूची आयदाने विणणारी आई आहे. कोकणच्या दलित स्त्रीचे श्रम तिथे पहिल्यांदा एवढ्या ठळकपणे मराठीत आले. त्यानंतर आम्ही काय केले? आमच्या कवितेत झोपडपट्टी आहे, गिरणीचा भोंगा आहे, गावकुसाबाहेरचा वाडा आहे. काजूच्या कारखान्यातली पत्र्याची शेड नाही. नामांतराच्या, आरक्षणाच्या प्रश्नावर रस्त्यावर येणारे आम्ही गावातल्या त्या शेडकडे 'गावाला चार पैसे मिळतात' म्हणून समाधानाने पाहिले. तिथे राबणाऱ्या आमच्याच बहिणी होत्या, आत्या होत्या.

माझी आत्या चौदा वर्षे अशा एका कारखान्यात फोडणीला होती. बी आधी वाफेवर उकडतात, मग यंत्राच्या दोन पात्यांमध्ये एकेक बी धरून हात आणि पाय यांच्या जोरावर फोडतात. मग गर भट्टीत सुकवणे, साल सोलणे आणि शेवटी प्रतवारी. चार किलो बियांतून साधारण एक किलो गर निघतो. गर अख्खा निघाला तर त्याचा भाव वेगळा, पाकळी झाली तर वेगळा, तुकडा झाला तर आणखी खाली. आणि तुकडा जास्त झाला तर बोलणी खायची ती फोडणारीने. हाताला तेल आणि राख लावून बसायचे. तरी टरफलाचे तेल नखांत शिरतेच. आत्याच्या बोटांची कातडी सापासारखी निघे. अखेरच्या वर्षांत रेशनच्या दुकानातले यंत्र तिचा अंगठा ओळखीना. तिच्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. तिच्या बापाने, म्हणजे माझ्या आजोबांनी, कधीतरी कोणत्या तरी कागदावर अंगठा उठवला होता आणि आमची एक वाफ्याएवढी भातजमीन त्या अंगठ्याबरोबर गेली, असे घरात सांगत. आत्याला निवृत्तिवेतन नव्हते. भविष्य निर्वाह निधी हा शब्द तिने माझ्याकडून ऐकला.

मार्च महिन्यात दादरच्या बाजारात ओले काजूगर येतात. मालवणी खाणावळीत त्यांच्या उसळीची वर्दी लागते. कोकण मेव्याच्या दुकानांत अख्ख्या गरांची पाकिटे काचेत मांडलेली असतात. तुकडा मागच्या फळीवर, बर्फीवाल्यांसाठी. मला ती प्रतवारी पाहून नेहमी चातुर्वर्ण्य आठवते. विनोद बरा नसेल, पण आठवते खरे.

केरळचे उदाहरण या संदर्भात अभ्यासण्याजोगे आहे. तिथे कोल्लम परिसरात काजूचे मोठे कारखाने उभे राहिले. कामगारांत बहुसंख्य स्त्रिया. त्यांच्या संघटना झाल्या, किमान वेतन लढून घेतले गेले, आणि १९६९ साली राज्याने स्वतःचे काजू विकास महामंडळ स्थापून कारखाने चालवायला घेतले. म्हणजे सार्वजनिक पैसा झाडाच्या मालकापाशी न थांबता फोडणी करणाऱ्या हातापर्यंत पोचवण्याचा प्रयत्न झाला. तो सर्वस्वी यशस्वी झाला असे कोणी म्हणणार नाही. किमान वेतन टाळण्यासाठी कारखानदार तामिळनाडूत गेले, महामंडळ तोट्यात बुडाले. स्वीडिश संशोधिका ॲना लिंडबर्ग यांनी या स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, ती आम्हाला नवी वाटू नये. कातडी जाळणारी फोडणी पुलया, म्हणजे दलित, स्त्रियांकडे. सोलणे आणि प्रतवारी यांत वरच्या जातींच्या स्त्रिया. लाल बावट्याखालीही टरफलाच्या तेलाला जात होती. मार्क्सवादी मित्रांनी हे वाचावे. तरीही एक फरक उरतोच. तिथल्या राजकारणात काजू म्हटले की कामगार बाई उभी राहते. आमच्याकडे काजू म्हटले की बागायतदार उभा राहतो, आणि त्याच्या मागे त्याचा सातबारा.

कोणी विचारील, मग अनुदान बंद करावे काय? मुळीच नाही. सार्वजनिक पैसा शेतीत गेलाच पाहिजे आणि काजूत गेला पाहिजे. पण पैसा मागताना आम्ही मालकाचीच भाषा बोलू लागलो आहोत, हे मला खुपते. अनुसूचित जातींसाठी वेगळा कोटा द्या, एवढ्यावर आमची निवेदने संपतात. कोट्यासाठीसुद्धा सातबारा लागतोच. प्रक्रिया उद्योगाला जो पैसा मिळतो त्याला किमान वेतन, निर्वाह निधी, हातमोजे, हजेरीपट यांची अट का नसावी? कारखानदाराने यंत्राची पावती दाखवावी लागते, तशी मजुरीची का दाखवू नये? काजू मंडळावर फोडणाऱ्या, सोलणाऱ्या बायांचा प्रतिनिधी बसवा, ही मागणी एकाही पक्षाच्या पत्रकात मी पाहिलेली नाही, आमच्या पक्षांच्याही नाही. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह देशभर झाला आणि लोकांनी पडीक जमिनीसाठी तुरुंग भरले. त्यांच्याच नावाने २००४ पासून भूमिहीन दलितांना ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन घेऊन देण्याची योजना आहे. २०१८ पासून तर पूर्ण अनुदानावर. जिरायतीला एकरी ५ लाखांची मर्यादा आहे. मुंबईकरांच्या बंगल्यांसाठी आणि महामार्गासाठी जिथे जमिनीचे भाव चढले, त्या कोकणात या भावाने चांगली वरकस देणारा मालक शोधून दाखवावा. दादासाहेबांनी जमीन विकत मागितली नव्हती. शासनाची पडीक जमीन कसायला मागितली होती. कोकणात डोंगरावर शासकीय पडीक आजही आहे. ती भूमिहीन बायांच्या गटांना दीर्घ मुदतीने काजूसाठी दिली आणि मग अनुदान दिले, तर त्या अनुदानाला मी रोजगार हमीच्या मूळ उद्देशाचा वारस म्हणेन.

संयुक्त खात्याची अटही अशीच उघडून पाहायला हवी. फसवणूक होऊ नये म्हणून ती आहे, हे मला कळते. पण वतनाच्या जमिनी समाईकच मिळाल्या, त्यांचे तुकडे पाडायला मोजणीचे पैसे नव्हते, आणि पोटासाठी माणसे मुंबईभर पांगली. खोताच्या वारसांनी कधीच वाटण्या करून घेतल्या. ज्याच्या जमिनीवर एकच नाव, त्याला एक सही. ज्यांच्यावर २७ नावे, त्यांना २७. जो गावात राहून प्रत्यक्ष कसतो, त्याच्या वहिवाटीचा ग्रामसभेसमोर पंचनामा करून त्याला लागवड करू द्यावी आणि इतरांचे हक्क अबाधित ठेवावेत, एवढी तरतूद अशक्य नाही. झाड लावल्याने कोणाचा हिस्सा नाहीसा होत नाही.

हे सर्व मी बैठकीत बोललो नाही. तिथे बोलायला वेळ नव्हता. एका वहीत नावे लिहून काढली गेली आणि तीन-तीन नावे प्रत्येकाला वाटून दिली. माझ्या वाट्याला वरळी आली. त्या तरुणाने गावाहून आणलेली काजूची पिशवी बाईंनी बशीत ओतली; त्यात बहुतेक तुकडेच होते. काकांनी एक उचलला, उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "सोललेलो बरो आसा."

मागच्या रविवारपर्यंत १९ सह्या झाल्या आहेत. राहिलेल्या आठांपैकी दोघांचे वारस नायगावात सापडले. एक बाई सुरतेला दिल्या आहेत, त्यांचा पत्ता गावच्या शाळामास्तरांकडे आहे असे कळते. कलमे लावायची तर खड्डे मे महिन्यात खणावे लागतात.